पांजरपोळाची कुळकथा

मुंबईत भुलेश्वराच्या दाट वस्तीत जो पांजरपोळ आज गाईंना हिरवा चारा घालणाऱ्या भाविकांनी सकाळपासून गजबजलेला असतो, त्याच्या स्थापनेस गाय कारण झालेली नाही. कारण झाला तो रस्त्यावरचा कुत्रा, आणि तोही कुंपणी सरकारच्या, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या, हुकुमाने काठीखाली मरणारा. माणसाने जनावर पाळले तर त्यावर त्याचा हक्क किती, आणि ज्यास कोणी धनी नाही त्या जनावराचा जीव कोणाच्या स्वाधीन, हा जो वाद सांप्रत चाळीच्या जिन्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला आहे, त्याचे मुंबईतील मूळ शोधू गेल्यास ते १८३२ च्या जून महिन्यात सापडते.

पांजरपोळ ही संस्था मात्र मुंबईची उपज नव्हे. माणसांबरोबर जनावरांच्याही चिकित्सेची तजवीज केल्याचे अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. आणि ज्या गिरनारच्या पायथ्याशी त्या लेखाची एक प्रत आहे, त्याच मुलखात पुढे जैन व वैष्णव महाजनांच्या आश्रयाने लुळीपांगळी जनावरे मरेपर्यंत पोसण्याचा रिवाज दृढ झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात फिरलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने खंबायतेस लंगडी कुत्री, मांजरे आणि पक्षी ठेवण्याचे दवाखाने असल्याचे नमूद केले आहे, व १६२३ साली तेथे आलेल्या पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने पक्ष्यांच्या रुग्णालयाचे वर्णन लिहून ठेवले आहे. या परदेशी माणसांना जे नवल वाटले तेच या संस्थेचे सार होय: आत घेतलेल्या जनावराचा उपयोग काय, हा प्रश्न दारावर विचारला जात नसे.

आपल्या गावगाड्यात कुत्र्याचे स्थान याहून वेगळे होते. तो एका माणसाचा नसे आणि तरी परकाही नसे. वैश्वदेवाच्या बलिहरणात कावळ्याकिड्यांबरोबर कुत्र्याचाही घास काढून ठेवावा असे धर्मशास्त्र सांगते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाच्या घोड्यापुढे कुत्रा धावतो, आणि कोरडी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट मराठी घरातल्या मुलास कोणी शिकवावी लागत नाही. उकिरड्यावर जगावे, रात्री वेस राखावी, घरोघरचा शिळा तुकडा खावा, असा त्याचा गावाशी न लिहिलेला करार होता. हा करार काही दयेचा परमावधी नव्हता, कारण त्याच कुत्र्यास दगड मारणेही कोणी पाप मानीत नसे. परंतु ‘धनी असलेला’ आणि ‘बेवारस’ अशी कुत्र्यांची विभागणी करून दुसऱ्या वर्गास मृत्यूची शिक्षा फर्माविण्याची कल्पना त्या व्यवस्थेत कोठेच नव्हती. ती कागदावर आणली कुंपणी सरकारने.

उन्हाच्या तापाने कुत्री पिसाळतात असा त्या काळी युरोपियनांचा समज असे, आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे खात्रीचे मरण, हे तर निर्विवाद होते. म्हणून मुंबईच्या पोलिसांस १८१३ च्या नियमान्वये उन्हाळ्याच्या ठरावीक मुदतीत, आणि पुन्हा पावसाळा सरताना, मोकाट कुत्री मारण्याचा अधिकार मिळाला. दर कुत्र्यामागे इनाम ठरले, आणि जेथे जिवावर इनाम लागते तेथे जे होते तेच येथे झाले: इनामाच्या लोभाने कुत्री मारणारे लोक खासगी आवारांत व घरांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. १८३२ साली ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यात आली. ६ जून हा पारशांचा पवित्र दिवस. त्या दिवशी कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, कुत्री मारली जात असता जमाव पोलिसांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, पारशांबरोबर हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही हरताळात उतरले, आणि लष्कराकडे जाणारी रोजची रसद अडविली गेली. अखेर फौज बोलावून बंदोबस्त करावा लागला, धरपकड झाली, कित्येकांवर खटले चालले.

पारशांनी यात पुढाकार का घेतला हे त्यांच्या धर्मग्रंथावरून कळते. प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ हा त्यांच्या अंत्यविधीचा भाग होय, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु वेंदिदादात याहूनही विचार करण्याजोगा मजकूर आहे. मेंढरे राखणाऱ्या आणि घर राखणाऱ्या कुत्र्यास वाईट अन्न घालणाऱ्यासही तेथे शिक्षा सांगितली आहे. पुढे असा प्रश्न केला आहे की व्यायला झालेली कुत्री रस्त्याच्या कडेला आढळली तर तिचा सांभाळ करण्याचे कर्तव्य कोणाचे? उत्तर असे की, ज्याचे घर तिथून सर्वांत जवळ त्याचे. पिल्ले होईपर्यंत त्याने तिला पोसावे, आणि पिल्ले स्वतःचे रक्षण करण्याजोगी होईपर्यंत त्यांनाही. मालकी कोणाची, खरेदी कोणी केली, पट्टा कोणाच्या नावाचा, यांपैकी एकही गोष्ट त्या ग्रंथाने विचारात घेतलेली नाही. त्याने जबाबदारी शेजारावर टाकली. कुंपणीच्या नियमाने नेमके उलट केले होते, आणि मला वाटते, त्या जूनमधील दंगा दोन कायद्यांची ही टक्कर होती.

दंगा शमल्यावर शहरातील शेठ मंडळी मध्ये पडली. पकडलेल्यांना माफी मिळावी यासाठी जमशेटजी जीजीभाई यांनी खटपट केली, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावी किंवा कोठेतरी ठेवावी असा विचार पुढे आला. त्यातून १८३४ साली जमशेटजी आणि मोतीचंद अमीचंद, म्हणजे भायखळ्याचे जैन मंदिर बांधणारे मोतीशा शेठ, यांनी मुंबईचा पांजरपोळ स्थापन केला. एक पारशी, एक जैन, आणि दोघेही चीनच्या व्यापारात संपन्न झालेले. महाजनांनी आपल्या व्यापाराच्या मालावर स्वखुशीने कर बसवून घेऊन संस्थेचा खर्च चालविला. सरकारी तिजोरीतून एक छदाम न घेता शहराने सरकारी कत्तलीस दिलेले हे उत्तर आजही आदराने आठवावे असे आहे.

तथापि जे घडले तेही सांगितले पाहिजे. वर्षे लोटली तसा पांजरपोळ मुख्यतः गुराढोरांचा झाला, चेंबूरच्या एका भागास त्याचे नाव मिळाले, आणि ज्याच्यासाठी दार उघडले होते तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर राहिला. दरम्यान विलायतेहून दुसरी एक भूतदया आली होती. तेथे १८२२ साली गुरांवरील क्रौर्याविरुद्ध कायदा झाला, १८२४ साली प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारी मंडळी स्थापन झाली, आणि कुत्र्यास त्या कायद्याचे छत्र मिळायला १८३५ उजाडले, म्हणजे मुंबईच्या दंग्यानंतर तीन वर्षे. तशीच मंडळी मुंबईत १८७४ साली निघाली व दिनशा माणकजी पेटिट यांच्या देणगीतून परळचे बाई साकरबाई रुग्णालय उभे राहिले. दोन्ही संस्था दयेच्याच. पण पांजरपोळ जनावरास आपल्या मरणाने मरू देतो, तर विलायती मंडळी असाध्य वेदनेतून सोडविण्यासाठी त्यास मारणे ही दया समजते.

हा भेद १९२६ साली अहमदाबादेस उघड्यावर आला. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारात शिरणारी साठ मोकाट कुत्री मारविली आणि गांधीजींनी, त्यांच्याकडून जैनांना असलेल्या अपेक्षेविरुद्ध, त्या कृत्याचे समर्थन केले. त्यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला तेव्हा त्यांनी ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहून सांगितले की धनी नसलेला कुत्रा असणे हाच समाजाचा दोष, वाटेवर तुकडा टाकून पुण्य मिळविणारा त्या कुत्र्याचे काहीच करीत नाही, ज्याला दया आहे त्याने कुत्रा पाळावा, नाही तर त्याच्यासाठी संस्था चालवावी. मारण्यापुरते त्यांचे मत मला पटत नाही. परंतु घास टाकून पाठ फिरविणाऱ्या दयेवर त्यांनी ठेवलेले बोट जिथे ठेवायला हवे तिथेच आहे.

पुढची हकीकत झपाट्याने सांगता येते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा निघाला. मुंबई महापालिकेने कुत्र्यांची कत्तल १९९४ साली थांबविली. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे ती चालू होती आणि तरी शहरातली कुत्री संपली नव्हती. २००१ साली निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रा मूळ जागी सोडण्याचे नियम झाले. २०२३ च्या नव्या नियमांनी अशा कुत्र्यास समुदायाचा प्राणी म्हटले व त्याच्या खाण्याची व्यवस्था रहिवासी संघांवर सोपविली, म्हणजे वेंदिदादाने शेजाऱ्यावर टाकलेला भार सरकारी राजपत्रात आला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री आश्रयगृहांत डांबण्याचा हुकूम दिला; २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलून पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची लस टोचून, निर्बीज करून जागच्या जागी सोडावी असे ठरविले; आणि नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री मात्र परत सोडू नयेत असा आदेश झाला.

या वादात एका बाजूस लहान मुलाच्या तोंडाला चावा बसल्याने हादरलेली आई आहे, आणि जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश मृत्यू आपल्या देशात होतात हे सत्य तिच्या बाजूचे आहे. तिला क्रूर म्हणणाऱ्या प्राणिमित्रांनी आपल्याच पक्षाचे नुकसान केले आहे. दुसऱ्या बाजूस हौसेने आणलेले विलायती जातीचे पिल्लू कंटाळा येताच रस्त्यावर सोडणारा गृहस्थ आहे, ज्याच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. १९६० च्या कायद्यात अशा पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला आहे आणि तो आकडा अद्याप तसाच आहे. मोकाट कुत्र्याचा प्रश्न सोडवू पाहणाऱ्या संसदेने तो दंड आधी वाढविला पाहिजे.

तोडगा अज्ञात नाही. गोव्यात सरकार व प्राणिसेवी संस्था यांनी मिळून गावोगाव जाऊन दरसाल कुत्र्यांना लस टोचली, दहांपैकी सात कुत्र्यांपर्यंत लस पोहोचावी एवढे प्रमाण राखण्याचा प्रयत्न केला, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित घोषित झाले. हे काम ना काठीने झाले ना कोंडवाड्याने. तेव्हा आपल्या गल्लीतल्या कुत्र्यास जो पोळी घालतो त्याने त्याच हाताने त्याला लशीच्या दिवशी धरून द्यावे, आणि ज्याला ती पोळी खपत नाही त्याने त्या कुत्र्याच्या निर्बीजीकरणासाठी नगरसेवकाकडे अर्ज करावा. आणि कुत्रा चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून, हळद वा चुना न लावता, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी, कारण लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपचार नाही.