पाणी पाहून उपाय : प्रस्तावना

सह्याद्रीतल्या गडावर मुक्कामाला जाणाऱ्याला वर जे पाणी मिळते, ते बहुधा शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी कातळ फोडून साठवायची सोय केलेले असते. शिवनेरीची गंगा-जमुना टाकी, नाणेघाटातली टाकी, हरिश्चंद्रगडावरची टाकी, राजगडाचे पद्मावती तळे ही सगळी चार महिन्यांच्या पावसावर उरलेले आठ महिने काढण्याची व्यवस्था आहे. खांबटाक्यात तर आत कातळाचेच खांब राखून वर छत सोडलेले असते. त्यामुळे ऊन आत पोचत नाही, पाणी कमी उडते आणि शेवाळही कमी धरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाण्याची पाहणी करायला सांगितले आहे. तोफांच्या दणक्याने झरा आटू शकतो, म्हणून एका झऱ्यावर विसंबू नये, साठ्याची टाकीही असावीत, इतक्या बारकाईने तो विचार केलेला आहे. आधी स्रोत पाहायचा आणि मग निर्णय घ्यायचा, ही शिस्त या पुस्तकाने एका लहान वाटणाऱ्या प्रश्नाला लावली आहे: पाठीवर सॅक घेऊन निघालेल्या माणसाने वाटेत सापडलेले पाणी पिण्याजोगे कसे करावे आणि त्यासाठी सोबत काय न्यावे?

हा प्रश्न बहुतेक जण दुकानात सोडवतात. तिथे फिल्टर, गोळ्या, अतिनील दिवा असे सगळे मांडलेले असते आणि प्रत्येक वेष्टनावर शुद्धतेची ग्वाही असते. पण कोणते साधन चांगले, या प्रश्नाला पाण्याशिवाय उत्तर नाही. श्रावणातल्या ओढ्याला जे चालते ते वैशाखातल्या टाक्याला चालेलच असे नाही. म्हणून या विषयात शिरताना साधनांची यादी मागे ठेवावी आणि पाण्यात काय असते ते आधी समजून घ्यावे. त्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेतले विज्ञान आणि थोडी चिकाटी एवढ्यावर कोणालाही इथे प्रवेश आहे.

पहिली गोष्ट आकाराची. पाण्यातून पोट बिघडवणारे जीव ढोबळमानाने तीन गटांत पडतात. सर्वांत मोठे आदिजीव. जिआर्डियाचे कवच सुमारे १० मायक्रॉनचे, क्रिप्टोस्पोरिडियमचे ४ ते ६ मायक्रॉनचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याखाली जिवाणू: पटकीचा, टायफॉईडचा, हगवणीचा. ते साधारण अर्धा ते काही मायक्रॉन भरतात. सर्वांत लहान विषाणू. काविळीच्या अ आणि ई प्रकारांचे विषाणू जेमतेम ०.०३ मायक्रॉनचे असतात, म्हणजे जिआर्डियाच्या सुमारे तीनशेव्या भागाएवढे. दुसरी गोष्ट चिवटपणाची. आदिजीव मोठे असले तरी त्यांचे कवच रसायनांना दाद देत नाही. विषाणू लहान असले तरी त्यांतले बरेचसे क्लोरीनला लवकर नमतात. गाळायला जे सोपे ते रसायनाने मारायला अवघड, आणि जे रसायनाने मरते ते गाळणीतून निसटते. या विषयातली जवळपास प्रत्येक शिफारस या उलट्या नात्यातून निघते.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने आणि बरीच किंमत मोजून मिळाले आहे. १८८४ साली पाश्चरचे सहकारी शार्ल शांबर्लां यांनी भाजलेल्या पोर्सेलिनची गाळणी केली. तिच्यातून जिवाणू पलीकडे जात नसत. पण १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की यांना दिसले की ठिपके पाडणाऱ्या रोगाने ग्रासलेल्या तंबाखूच्या पानांचा रस या गाळणीतून गाळला तरी रोग पसरवतो. १८९८ मध्ये मार्टिनस बायरिंक यांनी त्याचा अर्थ लावला की हे जिवाणूंपेक्षा वेगळेच काहीतरी आहे. विषाणूंची ओळख अशी एका गाळणीच्या मर्यादेतून झाली. आज ट्रेकर वापरतात त्या पोकळ तंतूंच्या फिल्टरची छिद्रे ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात आणि ती मर्यादा त्यांनाही लागू आहे.

गाळणीसारखी क्लोरीनलाही मर्यादा आहे. आपल्या देशात तिचे फार मोठे उदाहरण घडले. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले. पुरवठा करणाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. टायफॉईड आणि हगवण वाढली नाही, पण हजारो लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या अभ्यासातून १९८० मध्ये स्पष्ट झाले की ही कावीळ तेव्हा माहीत असलेल्या अ किंवा ब प्रकाराची नव्हती. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते. त्या विषाणूला आज आपण ई प्रकार म्हणतो. गढूळ, घाणीने भरलेल्या पाण्यात क्लोरीन टाकले की ते घाणीशीच झुंजण्यात संपते, हा त्या घटनेचा धडा. दुसरा धडा १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने दिला. तिथे शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज केला गेला. क्लोरीन होते, पण हा जीव त्याला जुमानत नाही.

ही पार्श्वभूमी असली की साधनांकडे पाहणे सोपे होते. उकळणे ही सर्वांत भरवशाची पद्धत. आदिजीव, जिवाणू आणि विषाणू या तिन्ही गटांवर ती चालते आणि पाणी गढूळ असले तरी चालते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे ठेवावे, असे आरोग्य संस्था सांगतात. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, कळसूबाईच्या माथ्यावर सुमारे ९४ ते ९५ अंशांना. म्हणून ते निर्जंतुक होत नाही, असा समज आढळतो. तो निराधार आहे, कारण हे जीव सत्तर अंशांच्या आसपासच काही मिनिटांत मरतात. उकळण्याची खरी अडचण इंधनाची आहे. दहा जणांच्या गटाचे दिवसभराचे पाणी गॅसच्या डब्यावर उकळता येत नाही आणि त्यासाठी गडावरची झाडे तोडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

क्लोरीनच्या गोळ्या वजनाला नगण्य आणि स्वस्त. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात साधारण अर्धा तास थांबले की जिवाणू आणि विषाणूंचा बंदोबस्त होतो. पाणी थंड असेल तर जास्त वेळ द्यावा लागतो. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या क्रिप्टोस्पोरिडियमवरही काम करतात, पण त्याला चार तास लागतात. तंतूंचा फिल्टर याच्या उलट बाजूने काम करतो: आदिजीव आणि जिवाणू लगेच अडवतो, विषाणू सोडतो. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत ज्याची धास्ती असते तो लेप्टोस्पायरा हा जिवाणूही इतका बारीक आणि पीळदार आहे की ०.२ मायक्रॉनच्या छिद्रांतून सरकू शकतो. हिमालयात जाणाऱ्या मराठी ट्रेकरने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: भिजलेला फिल्टर एकदा गोठला की आतले तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. रात्री तो स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपावे. अतिनील दिवा तिन्ही गटांच्या जनुकीय द्रव्याला इजा करतो, त्यामुळे त्यांची वाढ थांबते. पण पाणी नितळ हवे आणि बॅटरी भरलेली हवी.

नितळपणा हा या सगळ्यांचा पाया आहे आणि इथे आपल्याकडची जुनी पद्धत विज्ञानाच्या कसोटीला उतरली आहे. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत जुनी सुती साडी घड्या घालून तिच्यातून पाणी गाळायला शिकवले. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचे जिवाणू पाण्यातल्या बारीक प्लवकांना चिकटून असतात आणि प्लवक घडीच्या कापडात अडकतात. धुऊन धुऊन विरलेली साडी नव्यापेक्षा चांगली, कारण तिचे धागे मोकळे होऊन छिद्रे लहान होतात. चौपदरी फडक्याने पाणी पुरते शुद्ध होत नाही. पण त्यातून गाळलेल्या पाण्यावर गोळी नीट काम करते, दिवा आरपार जातो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. फार गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे.

आता निवड. श्रावणात वाहता ओढा असतो, पण लाल मातीने भरलेला, आणि वरच्या वाडीतले व गुरांचे सगळे धुऊन आणणारा. तिथे निवळणे, गाळणे आणि मग उकळणे किंवा फिल्टरनंतर क्लोरीन, अशी जोडी हवी. मार्गशीर्षात कातळातून पाझरणारा, वर वस्ती नसलेला झरा मिळाला तर एकटा फिल्टर बहुधा पुरेल. एप्रिल-मेमध्ये टाके तळाला गेलेले असते. माकडे, गुरे आणि शनिवार-रविवारची गर्दी सगळे त्याच पाण्यावर येतात. माणसांचा वावर जितका जास्त तितका विषाणूंचा धोका जास्त, म्हणून इथे फिल्टर पुरा पडत नाही. पाण्यावर हिरवी-निळी साय दाटली असेल तर ते टाके सोडून द्यावे. काही नीलहरित शेवाळांचे विष उकळूनही जात नाही. शेतातून वाहून आलेली कीटकनाशकेही उकळी, गोळी किंवा दिवा काढू शकत नाहीत. आणि पाणी कितीही शुद्ध केले तरी हात न धुता भाकरी मोडली तर आजार यायचा तो येतोच. साबण हे या पुस्तकातले सर्वांत साधे साधन आहे.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: स्रोत, ऋतू, जीव, साधन. वाचकाने त्यांतून एकच ठरलेले उत्तर उचलू नये. मुलांना घेऊन गेलेल्या गटाचे, एकट्या भटक्याचे आणि चाळीस जणांच्या शिबिराचे उत्तर वेगळे येणार आणि ते वेगळेच यायला हवे. साधारण नियम मात्र सांगता येतो: एक साधन गाळणारे आणि एक मारणारे असे दोन हलके उपाय सोबत असावेत. दोघांच्या उणिवा वेगळ्या असल्याने ते एकमेकांना पूरक ठरतात, आणि एक बिघडले तरी दुसरे हाताशी राहते.

या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी करण्याजोगे कामही पुष्कळ आहे. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी चाचणी प्रसिद्ध केली: औषध लावलेला कागद असलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे, विष्ठेशी संबंधित जिवाणू असतील तर पाणी एक-दोन दिवसांत काळे पडते. अशा बाटल्या आज अनेक गावांत पाणी तपासायला वापरतात. दर वर्षी हजारो ट्रेकर त्याच गडांवर पुन्हा पुन्हा जातात. त्यांनी एकेका टाक्याचे पाणी महिन्या-महिन्याला असे तपासून नोंद ठेवली, तर कोणते पाणी कधी बिघडते आणि कशाने बिघडते, हे गडाशेजारच्या वाड्यांनाही कळेल. उन्हाळ्यात त्यांच्यापैकी कित्येकांचे पाणी तेच असते. म्हणून या विषयाची पहिली जबाबदारी शुद्धीकरणाच्याही आधीची आहे: टाक्यात पाय बुडवू नयेत, टाक्यापाशी साबण लावू नये, शौचाला पाण्यापासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला जावे. एवढे पाळणाऱ्या प्रत्येकाचे या अभ्यासात मनापासून स्वागत आहे.