वरकस : नवी मुंबईच्या दगडखाणींत हरवलेला एक शब्द

१/१० तुर्भ्यापासून नेरूळपर्यंत कुठूनही पूर्वेकडे पाहिले, तर पारसिकच्या डोंगररांगेत काळे, उभे कडे दिसतात. अनेकांना ते निसर्गनिर्मित वाटतात. वास्तविक ते सुरुंगांनी कापलेल्या दगडखाणींचे आहेत. खाणकाम थांबल्यावर अशा जमिनीचे काय करावे, यावर आज चर्चा होते. परंतु तेथे पूर्वी काय होते, हे ठरवल्याशिवाय ‘पूर्ववत करणे’ या शब्दांना अर्थ उरत नाही. आजचा धागा त्याविषयी.

२/१० कोकणच्या महसुली दप्तरात एक शब्द वारंवार भेटतो : वरकस. भातखाचरांच्या वर, उतारावर असलेली हलकी, मुरमाड जमीन म्हणजे वरकस. तिच्यात काही वर्षे नाचणी, वरी घ्यायची आणि मग ती विश्रांतीसाठी सोडायची. सोडलेल्या वर्षांत तेथे गवत वाढे. शेतकऱ्याच्या हिशेबात तेही पीकच होते.

३/१० याचे कारण राब. पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळे आणि गवत पसरून ते भाजत असत. त्या राखेत भाताचे रोप जोमाने येई. त्यामुळे खालच्या खाचराचे पीक वरच्या उतारावर अवलंबून असे. दोन्ही जमिनी वेगळ्या दिसत, तरी शेती एकच होती.

४/१० या गवताला शहरातही मागणी होती. मुंबईत १८७४ मध्ये ट्राम सुरू झाली ती घोड्यांची, आणि १९०५ पर्यंत घोडेच तिला ओढत होते. टांगे, बग्ग्या, गोठ्यांतील म्हशी यांची भर वेगळी. या जनावरांचा चारा ज्या प्रदेशांतून येई, त्यांत ठाणे जिल्हा प्रमुख होता. शहराच्या वाहतुकीचे इंधन डोंगरउतारांवर उगवत होते, असे म्हणता येईल.

५/१० वसाहतकालीन वनखात्याची दृष्टी वेगळी होती. राबासाठी होणारी फांद्यांची तोड त्याला जंगलाची नासाडी वाटे. निर्बंध वाढले, तसा ठाणे-कुलाब्यात असंतोष वाढला. अखेर मुंबई सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. उतारावरचा पाला आणि गवत कोणाचे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात येथे एवढा तीव्र झाला होता.

६/१० १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवे शहर वसवायचे ठरले. भूसंपादनाविरुद्धचा संघर्ष दीर्घकाळ चालला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचा मृत्यू झाला. एकीकडे गावे लढत होती, दुसरीकडे रस्ते, पूल आणि इमारती उभ्या राहत होत्या. त्यांना खडी हवी होती, आणि काळा बसाल्ट शेजारच्याच डोंगरात होता.

७/१० या कथेत सोयीचा खलनायक सापडत नाही. शेती गेलेल्या अनेक प्रकल्पग्रस्तांना उपजीविकेचे साधन म्हणून दगडखाणी मिळाल्या. घण-पहार चालवणाऱ्या मजुरांत पिढ्यान्‌पिढ्या दगडाचे काम करणारा वडार समाज होता. ज्यांची खाचरे शहराखाली गेली, त्यांच्यातल्याच काहींना पोटासाठी शेजारचा डोंगर फोडावा लागला. म्हणून पुनर्स्थापनेचा विचार करताना या लोकांना बाजूला ठेवता येणार नाही.

८/१० कायदा उशिरा आला. लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘दीपक कुमार’ प्रकरणात स्पष्ट केले. पुढे ८ जानेवारी २०२० रोजी, सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात केंद्राला खाणपट्ट्यांत एक नवी अट घालण्यास सांगितले : खाणकाम थांबल्यावर पट्टेधारकाने त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवावे आणि ती चारा, वनस्पती व प्राणी यांच्यासाठी योग्य करावी. न्यायालयाने येथे गवताचा स्वतंत्र उल्लेख केला, हे लक्षणीय आहे.

९/१० प्रत्यक्षात हे काम चिकाटीचे असते. खाणीच्या तळाशी माती नसते; असतो तो दगडचूर. उभे कडे पायऱ्यांनी उतरते करावे लागतात, माती पसरून ती बांधांनी धरावी लागते. पवना, कुसळी, मारवेल यांसारख्या स्थानिक गवतांचे बी जवळच्या शाबूत उतारांवरून गोळा करावे लागते. मग काही वर्षे चराई आणि वणवा दोन्ही रोखावे लागतात. येथील गवतांची ओळख नवी नाही. ब्लॅटर आणि मॅककॅन यांचा ‘द बॉम्बे ग्रासेस’ हा ग्रंथ १९३५ चा आहे. आणि हे अशक्यही नाही : गुरुग्राममध्ये अरवलीतील जुन्या खाणींच्या जागी २०१० पासून स्थानिक वनस्पती लावून जैवविविधता उद्यान उभे राहिले आहे.

१०/१० अडचण आपल्या शब्दांत आहे. गवताळ उताराला आपण ‘पडीक’ म्हणतो. पडीक म्हटले की दोनच उपाय सुचतात : खोदा, नाहीतर झाडे लावा. खाणीच्या तळावर खड्डे पाडून आणलेली रोपे लावली, फलक उभारला, की काम पूर्ण झाल्यासारखे वाटते. ‘वरकस’ हा शब्द मात्र सांगतो की झाडांवाचूनही ही जमीन उपयोगी होती आणि तिच्यावर कुणाचे तरी भात अवलंबून होते. तुमच्या घरी कोकणातील जुना सातबारा असेल, तर एकदा काढून पाहा. त्यात हा शब्द सापडला, तर खाली जरूर सांगा, गावाच्या नावासह.