जहाजाच्या कुशीवरील रेघ

लोखंडाचा खिळा पाण्यात टाकताच तळ गाठतो; तोच खिळा पाऱ्यावर टाकला तर लाकडाच्या ढलपीसारखा तरंगतो. खिळा तोच, वजन तेच. बदलला तो केवळ द्रव. द्रवात शिरणारा पदार्थ काही द्रव बाजूला सारतो, आणि त्या सारलेल्या द्रवाच्या वजनाइतक्या जोराने द्रव त्याला वर उचलून धरतो. या जोराने पदार्थाचे वजन पेलले तर तो तरंगतो, नाही तर बुडतो. सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा नियम मांडला. पोलादी जहाज तरंगते तेही याच नियमाने. पोट पोकळ असल्यामुळे पुरते बुडण्यापूर्वीच ते आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते.

नियम असा दोन हजार वर्षे ठाऊक होता. त्याच्या आधारे खलाशांचे प्राण राखण्याची बुद्धी मात्र राज्यकर्त्यांना फार उशिरा झाली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील काही जहाजमालक जुनी, मोडकळीस आलेली जहाजे बेसुमार माल भरून समुद्रात लोटीत. माल जितका अधिक तितके जहाज खोल जाई, आणि वादळात लाटा आत शिरण्याचा धोका वाढे. जहाज पोहोचले तर भाडे मिळे, बुडाले तर विम्याची रक्कम. करारावर सही केलेल्या खलाशाने जहाजावर चढण्यास नकार दिला, तर त्याला तुरुंगात जावे लागे. अशा जहाजांना लोक ‘शवपेट्या’ म्हणत.

सॅम्युएल प्लिमसॉल हा कोळशाचा व्यापारी १८६८ साली डर्बी येथून पार्लमेंटवर निवडून आला. १८७३ मध्ये त्याने खलाशांची ही दैना पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांविषयीचे विधेयक बाजूस ठेवण्याचे जाहीर करताच प्लिमसॉल भर सभागृहात संतापाने कडाडला. त्याबद्दल त्याने पुढे क्षमा मागितली. पण लोकमत जागे झाले होते. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. मात्र ती कोठे काढावी हे मालकाच्याच हाती राहिले! ही पळवाट १८९० च्या कायद्याने बुजविली.

वर्तुळ आणि त्याला छेदणारी आडवी रेघ, असे हे चिन्ह आहे. त्याच्या शेजारी आणखी काही रेघा असतात. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन सुमारे १,००० किलोग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १,०२५. म्हणून मालासह दहा हजार टन वजनाचे जहाज गोड्या पाण्यात दहा हजार घनमीटर पाणी सारते, तर समुद्रात सुमारे ९,७५० घनमीटर पुरते. हुगळीच्या गोड्या पाण्यात माल भरलेले जहाज बंगालच्या उपसागरात शिरताच, एक पोतेही न उतरविता, थोडे वर येते. यासाठी गोड्या पाण्याची रेघ वर काढलेली असते. उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यासाठीची रेघ सर्वांत खाली असते. तेथे कारण पाणी नव्हे, तर वादळे.

१९३० आणि १९६६ सालच्या आंतरराष्ट्रीय करारांनी ही भाररेषा जगभरच्या जहाजांना लागू केली. पाणी जहाजाला किती उचलून धरील हे निसर्गाने ठरविलेले आहे. त्यावर किती लादावे हे ठरविणे माणसाकडे होते. त्या ठिकाणी लोभाला आवर घालण्यास एक रंगविलेली रेघ आणि तिच्या पाठीशी उभा राहणारा कायदा, दोन्ही लागले.