ओळी वाचायला एममॅप कशाला?

सी भाषेत मोठी लॉग फाइल ओळीओळीने वाचायची म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: स्टँडर्ड लायब्ररीचं आय-ओ मंद आहे, त्यापेक्षा फाइल एममॅप करा. फाइल थेट मेमरीत दिसते, कॉपी टळते, रीडचे सिस्टिम कॉल टळतात, म्हणून वेग वाढतो, असा हा पूर्वपक्ष. यातली विधानं बरीचशी खरी आहेत. निष्कर्ष त्यांतून निघत नाही.

मंदपणाचा आरोप आला तो गेटसीने एकेक अक्षर वाचणाऱ्या लूपमुळे. ८० बाइटच्या १० लाख ओळी धरा. गेटसीला ८ कोटी वेळा बोलवावं लागतं, आणि पॉसिक्सच्या नियमाने दर वेळी स्ट्रीम लॉक करून सोडायची. (प्रोग्रॅममध्ये एकच थ्रेड असेल तर अलीकडची ग्लिबसी हे लॉक टाळते.) तेच काम गेटलाइनला दिलं की कॉल १० लाखांवर येतात. आत काय चालतं ते ग्लिबसीच्या सोर्समध्ये कुणीही पाहावं: ओळीमागे लॉक एकदाच, बफरमध्ये मेमसीएचआरने पुढचा न्यूलाइन शोधायचा आणि तिथपर्यंतचा तुकडा मेमसीपीवायने उचलायचा. ओळीसाठीची जागा १२० बाइटपासून सुरू होते, अपुरी पडली की किमान दुप्पट होते आणि पुढच्या ओळीला तीच पुन्हा वापरली जाते. शिवाय आजच्या प्रोसेसरवर मेमसीएचआर एका सूचनेत १६ किंवा ३२ बाइट तपासतं.

राहिली कॉपी. कर्नलने नुकतेच बफरमध्ये ठेवलेले ८० बाइट कॅशमध्येच असतात. ते हलवणं स्वस्त. सिस्टिम कॉल खुपत असतील तर बफर वाढवा. ४,०९६ बाइटच्या बफरने या फाइलीला सुमारे १९,५०० रीड लागतात, ६४ केबीच्या बफरने सुमारे १,२००. फक्त सेटव्हीबफला स्वतःचा बफर द्या: पॉइंटर नल ठेवला तर ग्लिबसी दिलेल्या आकाराकडे दुर्लक्ष करते.

आणि एममॅप फुकट नाही. रीड टळतात, पण त्यांच्या जागी पेज फॉल्ट येतात. लिनक्स एका फॉल्टमध्ये शेजारची पानंही जोडून देतो, तरी खर्च उरतोच. पाइपवर एममॅप चालतच नाही. लॉगरोटेटने कॉपीट्रंकेट पद्धतीने फाइल जागच्या जागी रिकामी केली, की कापल्या गेलेल्या पानाला हात लावताच सिगबसने प्रोग्रॅम मरतो. फाइलीचा आकार ४,०९६ बाइटच्या पानाच्या नेमक्या पटीत असेल, तर शेवटी शून्य बाइट मिळत नाही आणि न्यूलाइन शोधणारं एसटीआरसीएचआर मॅपिंगच्या बाहेर धावतं. अशा चुका चाचणीत सहसा सापडत नाहीत, म्हणून मला त्या जास्त धोक्याच्या वाटतात. ग्नू ग्रेपला एकेकाळी खास एममॅपचा पर्याय होता. पुढे तो निष्क्रिय करून काढूनच टाकला गेला. मोजक्या मोठ्या फाइलींमध्ये शोध घ्यायचा असेल तर एममॅपला जागा आहे, रिपग्रेपही तेवढ्यापुरताच तो वापरतं. हजारो छोट्या फाइलींसाठी मात्र मॅपिंग उभारण्या-मोडण्याचाच खर्च अंगावर येतो.

लायब्ररीचा खरा दोष आहे तो ओळ वाचणाऱ्या जुन्या कॉलच्या, एफगेट्सच्या, रचनेत. बफरमध्ये ओळ शोधताना त्याला लांबी कळलेली असते, पण ती तो आपल्याला सांगत नाही. परत देतो तो आपणच दिलेला पॉइंटर. मग एसटीआरलेनने तीच ओळ पुन्हा चाळायची, आणि ओळीत शून्य बाइट असेल तर तेही उत्तर चुकतं. बीएसडीच्या एफगेटएलएनने हे ओळखलं: ते बफरमधल्या ओळीचाच पॉइंटर लांबीसह देतं, त्यामुळे बहुतेक वेळा कॉपीही लागत नाही. वेगासाठी लायब्ररी सोडण्याची गरज नव्हती, फक्त कॉलची व्याख्या बदलायला हवी होती, हे यातूनच दिसतं. गेटलाइन २००८ च्या पॉसिक्समध्ये आलं. आयएसओ सीच्या प्रमाणात मात्र सी२३ मध्येही नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीतही नाही. गेटलाइन नसेल तिथे काम करणाऱ्यांनी एफरीडने मोठा तुकडा वाचावा, मेमसीएचआरने ओळी तोडाव्यात आणि शेवटची अर्धी ओळ बफरच्या सुरुवातीला सरकवून पुढचा तुकडा घ्यावा.