बाळोती धुवायची कोणी?

आमच्या आजीच्या घरात कोणाला दिवस गेले, की सातव्या-आठव्या महिन्यात फळीवरचे एक गाठोडे खाली येई. त्यात आजोबांची विरलेली धोतरे असत, बायकांची जुनेरे असत. आजी दातांनी काठ तोडी आणि टर्रकन कापड फाडी. हातभर लांब, हातभर रुंद. झाले बाळोते! नवे कापड बाळाच्या अंगाला लावायचे नाही, असा तिचा दंडक होता. ही निव्वळ रूढी नव्हती बरं का. शंभरदा धुतलेल्या सुती कापडातली खळ गेलेली असते. ते नव्या मांजरपाटापेक्षा मऊ असते आणि ओल चटकन टिपून घेते.

ते गाठोडे आज आठवण्याचे कारण असे, की आता खेड्यातल्या दुकानातही डायपर मिळतो. बिस्किटांच्या पुड्यांशेजारी त्याची माळ लटकत असते. आणि आठ दिवसांनी तोच डायपर गावाबाहेरच्या ओढ्यात फुगून पडलेला दिसतो. शिकलेल्या आया विचारतात, "पर्यावरणाला त्रास होणार नाही असा डायपर कोणता घ्यावा?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर द्यायचे, तर ही वस्तू मुळात कोणाच्या गरजेतून आली ते आधी पाहिले पाहिजे.

'डायपर' हे नाव मूळचे कापडाचेच. शंकरपाळ्यासारखी नक्षी विणलेल्या लिननच्या कापडाला इंग्रजीत डायपर म्हणत. त्याचे तुकडे बाळाला बांधू लागले आणि नाव तुकड्याला चिकटले. आपल्याकडे बाळ पुष्कळ वेळ उघडेच असे. आई त्याला दोन्ही पायांवर बसवून 'शी' करवी. थंड मुलखात ते जमत नाही. तिथे लंगोट घट्ट बांधावा लागे, तो टाचणीने, आणि टाचणी बाळाला टोचे. १८४९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याने टोक झाकणारी पिन काढली आणि किरकोळ कर्ज फेडण्यासाठी तिचे हक्क चारशे डॉलरला विकून टाकले! टोचण्याचा प्रश्न सुटला. धुण्याचा तसाच राहिला.

तो सोडवायला दुसरे महायुद्ध यावे लागले. युद्धात कापसाची टंचाई झाली, तेव्हा स्वीडनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदी घड्या रबरी चड्डीत घालून वापरू लागले. पुढचे काम दोन आयांनी केले. अमेरिकेतल्या मॅरियन डोनोव्हन या बाईने १९४६ साली न्हाणीघरातला पडदा कापला आणि बाळोत्यावर घालायची, पाणी बाहेर न सोडणारी चड्डी शिवली. तिला पिनेऐवजी बटणे लावली. ती १९४९ साली दुकानात आली. नंतर या बाईंनी कागदी, टाकाऊ डायपरची कल्पना कारखानदारांपुढे मांडली, पण ते सारे पुरुष! कोणाला त्यात राम दिसला नाही.

दुसरी आई इंग्लंडची, व्हॅलरी हंटर गॉर्डन, एका लष्करी अधिकाऱ्याची बायको. १९४७ साली तिसरे मूल झाले आणि बाईंनी ठरवले, आता बाळोती धुणे पुरे. पॅराशूटच्या नायलॉनची चड्डी शिवायची, आत लगद्याची आणि कापसाची घडी घालायची, घडी टाकायची आणि चड्डी ठेवायची, अशी तिची युक्ती होती. मैत्रिणी मागू लागल्या, तेव्हा शिवणयंत्रावर बसून तिने शेकडो चड्ड्या शिवल्या. पुढे चेस्टरफील्डच्या एका कारखान्याने 'पॅडी' या नावाने त्या बाजारात आणल्या. आज 'पर्यावरणपूरक' म्हणून दोन भागांचा जो डायपर विकतात, त्याची आजी ती हीच.

या दोघींच्या डोक्यात कचरा नव्हता. त्यांच्या डोक्यात होती रोजची बादली. आमच्या घरी बाळोती आजी फाडी हे खरे, पण ती धूत कोण? धाकटी सून. पहाटे, ओढ्यावर, थंडीत. ती बाळोती ओढ्यावर धुतली जात आणि खालच्या अंगाला लोक तेच पाणी पीत. जुने ते सारे निर्मळ होते, असे कृपा करून समजू नका.

बाकीची हकीकत अमेरिकेतल्या पिओरिया गावाची. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत व्हिक्टर मिल्स म्हणून एक रसायनतज्ज्ञ होता. नातवंडाची बाळोती बदलून तो कंटाळला आणि त्याच्या हाताखालच्या मंडळींनी 'पॅम्पर्स' तयार केला. १९६१ साली त्याची विक्री पिओरियात करून पाहिली. एका नगाला दहा सेंट. लोकांना ते महाग वाटले. भाव उतरवल्यावर मात्र खप वाढला. त्याच पिओरियात सरकारी शेती-प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या पिठापासून भरमसाट पाणी धरून ठेवणारा पदार्थ काढला. शेतातल्या मातीत ओल टिकावी, हाही त्याचा एक उपयोग होता. अशाच जातीचा, पण खनिज तेलापासून केलेला पदार्थ १९८०नंतर डायपरमध्ये शिरला आणि जाडजूड डायपर पातळ झाला.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. कोरा डायपर कापून आतली भुकटी पेल्यात घ्या आणि पाणी ओता. क्षणात घट्ट खळ होते, पेला उपडा केला तरी पडत नाही. आता चिमूटभर मीठ टाका; खळ सुटते. लघवीत मीठ असतेच, म्हणून ही भुकटी साध्या पाण्याच्या मानाने लघवी फारच कमी धरते. भुकटी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

ही भुकटी, वरचे प्लॅस्टिक आणि रबरी पट्ट्या कुजत नाहीत. दिवसाला पाच डायपर धरले, तर अडीच वर्षांत साडेचार हजार होतात. कापडी बाळोती दोन-अडीच डझन पुरतात.

मग कापडच चांगले, हे उघड नाही का? इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २००८ साली हिशेब मांडला. एका बाळामागे हवा तापवणारे वायू टाकाऊ डायपरमुळे ५५० किलो, कापडी लंगोटांमुळे ५७० किलो! कापड हरले. कारण तिथे ते यंत्रात धुतात आणि पुष्कळदा विजेवरच सुकवतात. पण त्याच अहवालात पुढे आहे, की दोरीवर वाळवले, यंत्र पुरते भरून धुतले आणि दुसऱ्या मुलाला तेच वापरले, तर कापडाचा भार चाळीस टक्के उतरतो. २०२३च्या नव्या हिशेबात तर कापडी लंगोट सुमारे पाव भागाने सरस ठरले. टाकाऊ डायपरचा बहुतेक दोष कारखान्यात ठरून येतो. कापडाचा दोष धुण्यात असतो, म्हणजे तो आपल्या हातात आहे. आणि ऊन आपल्याला विकत घ्यावे लागत नाही.

'पूर्ण कुजणारा', 'बांबूचा' अशा जाहिरातींना मात्र जपून असावे. वरचा थर बांबूचा असला, तरी आतली भुकटी बहुधा तीच असते. आणि कचऱ्याच्या ढिगात हवा पोचत नाही, तिथे कागदही नीट कुजत नाही.

डायपर फेकला, की धाकट्या सुनेचे काम संपते. पण काम संपत नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या संस्थेच्या बायका घरोघरचा कचरा हातांनी निवडतात. कचऱ्यातले डायपर आणि पॅड त्यांच्याच हाती येतात. २०१३ साली या बायकांनी वापरलेले पॅड पुड्यांत बांधून कंपन्यांकडे परत धाडले होते. २०१६च्या नियमांनी बनवणाऱ्यांना सांगितले, की पुनर्प्रक्रिया करता येण्याजोगा माल वापरता येतो का ते पाहा, नाहीतर प्रत्येक नगामागे गुंडाळायला पिशवी द्या. डायपर टाकायचाच असेल, तर आधी शी संडासात टाकावी, मग तो कागदात घट्ट गुंडाळून वेगळा द्यावा. जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो.

तेव्हा निवड करायची ती अशी. घरी, दिवसा, सुती बाळोती. जुनेर मिळाले तर शिवायचीही गरज नाही. प्रवासात, आजारपणात, एखाद्या रात्री डायपर वापरला म्हणून आईने अपराधी वाटून घेऊ नये. ओढ्यावर धुणे नको. शीचे पाणी संडासात, नुसत्या मुताच्या कपड्याचे पहिले पाणी झाडाला. साबण निघेस्तोवर खळबळावे, नाहीतर बाळाला पुरळ येते. पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून सुकवण्याची जुनी युक्ती अजून चालते. निखारा मंद हवा आणि माणूस जवळ हवे. दुष्काळी गावात, जिथे हंडा डोक्यावरून आणावा लागतो, तिथे कापडाचा आग्रह धरण्याआधी तो हंडा कोण आणते ते विचारावे.

आमच्या गल्लीत एक तरुण मास्तर राहतात. त्यांना मुलगी झाली तेव्हापासून शाळेला जाण्याआधी बाळोती तेच धुतात आणि दोरीवर घालतात. पहिले पंधरा दिवस लोक थांबून बघायचे. आता कोणी थांबत नाही.