गावठी कोंबडी व मुक्तसंचार कुक्कुटपालन (डहाणू–तलासरी)

डहाणू आणि तलासरी या महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुक्यांत कुक्कुटपालन मुख्यतः तीन पद्धतींनी होते : परसात मोकळ्या सोडलेल्या गावठी कोंबड्या, बंदिस्त शेडमधील ब्रॉयलर व लेयर कोंबड्या, आणि कुंपणाच्या आत दिवसाचा काही काळ मोकळ्या असणाऱ्या सुधारित जातींच्या कोंबड्या. बाजारात मात्र या तिन्ही पद्धतींतील कोंबड्या व अंडी 'गावठी', 'गावरान', 'देशी' किंवा 'फ्री रेंज' या नावांखाली विकली जाऊ शकतात. कारण या शब्दांचा नेमका अर्थ ठरवणारे स्वतंत्र मानक भारतीय अन्नसुरक्षा नियमांत नाही. या शब्दांमुळे मालाला अधिक दर मिळतो, परंतु कोंबडी कशी वाढली याची हमी मिळत नाही.

पार्श्वभूमी

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या उत्तर टोकाला असलेल्या या दोन तालुक्यांची सीमा गुजरातला भिडते. वारली हा येथील प्रमुख समाज असून कोकणा, मल्हार कोळी, कातकरी व दुबळा या समाजांचीही वस्ती आहे. भात, नागली व वरई ही पारंपरिक पिके होत. मुंबई–अहमदाबाद महामार्ग दोन्ही तालुक्यांतून जातो. त्यामुळे मुंबई, वापी व सुरत येथील मोठ्या बाजारपेठा या भागाला जवळच्या आहेत.

वारली कुटुंबात कोंबडी ही अन्नाबरोबरच गाठीची पुंजी समजली जाते. आजारपण, शाळेचा खर्च किंवा पाहुणा अशा प्रसंगी एखादी कोंबडी विकली वा कापली जाते. देवकार्यात कोंबड्याचा मान असतो आणि वारली चित्रांतही कोंबड्या आढळतात. कोंबड्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रिया करतात.

परसातील पद्धत

परसातील कोंबड्या सामान्यतः कोणत्याही एका नोंदणीकृत जातीच्या नसतात. त्या दिवसभर अंगण, खळे, उकिरडा व शेताचा बांध येथे चरतात. किडे, वाळवी, सांडलेले धान्य व कोवळा पाला हे त्यांचे मुख्य खाद्य होय. रात्री त्यांना खुराड्यात किंवा बांबूच्या डालग्याखाली कोंडले जाते. खुडूक झालेल्या कोंबडीला रवणीला बसवून घरच्या घरीच पिल्ले काढली जातात.

या पद्धतीत खर्च अत्यल्प असतो, पण उत्पादनही मर्यादित असते. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते आणि तिचे वजन एक ते दीड किलो होण्यास पाच-सहा महिने लागतात. घरी आठ-दहा कोंबड्या असलेल्या कुटुंबाकडे एका वेळी विकण्याजोग्या एक-दोनच कोंबड्या निघतात. त्यामुळे शहरातील हॉटेलांना किंवा दुकानांना दररोज ठरावीक संख्येने खऱ्या गावठी कोंबड्या पुरवणे या पद्धतीने शक्य होत नाही.

शेडमधील व्यापारी उत्पादन

भारतातील आधुनिक कुक्कुटपालनाच्या विस्तारात डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज या कंपनीचा मोठा वाटा आहे. अंड्यांच्या दराचा प्रश्न हाती घेण्यासाठी त्यांच्याच पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली.

मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीला बोलीत 'बॉयलर' म्हणतात. ती सुमारे ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या आसपास भरते. शेडमध्ये एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा दिली जाते. ब्रॉयलरचे उत्पादन बऱ्याच ठिकाणी करार पद्धतीने चालते. कंपनी पिल्ले, खाद्य, औषधे व देखरेख पुरवते. शेतकरी शेड, वीज, पाणी, तूस व मजुरी यांचा भार उचलतो आणि त्याला किलोमागे ठरलेली वाढणावळ मिळते. पक्ष्यांची मालकी कंपनीकडेच असते.

अंड्यांसाठीची लेयर कोंबडी वयाच्या १८ ते २० आठवड्यांनी अंडी देऊ लागते व वर्षात सुमारे ३०० अंडी देते. लेयर बहुधा तारेच्या पिंजऱ्यांत ठेवल्या जातात. अशा अनेक पिंजऱ्यांत एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा ए-फोर आकाराच्या कागदाहूनही कमी असते. भारताच्या विधी आयोगाने जुलै २०१७ मधील २६९व्या अहवालात लेयर व ब्रॉयलर कोंबड्यांच्या निवास व वाहतुकीचा विचार करून पिंजरापद्धतीविरुद्ध मत नोंदवले.

'गावठी' या नावाखाली येणारे प्रकार

खऱ्या गावठी कोंबडीची आवक कमी आणि मागणी जास्त असल्याने ही तफावत इतर प्रकारांनी भरून निघते.

सुधारित जाती : हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा व ग्रामप्रिया या जाती विकसित केल्या, गिरिराजा ही जात बंगळुरू येथे विकसित झाली. या रंगीत पिसांच्या, काटक कोंबड्या परसातील पालनासाठीच तयार केलेल्या असून गावठीपेक्षा अधिक अंडी देतात. मोकळ्या वाढवल्यास त्यांना मुक्तसंचारी म्हणणे योग्य ठरते. परंतु त्या मूळ गावठी वाणाच्या नसतात.

शेडमधील रंगीत संकरित कोंबड्या : दिसायला गावठीसारख्या, परंतु पूर्णतः शेडमध्ये तयार खाद्यावर वाढवलेल्या कोंबड्याही 'गावरान' म्हणून विकल्या जातात. येथे फक्त पिसांचा रंग बदललेला असतो, संगोपनाची पद्धत नव्हे.

बाद लेयर : अंडी कमी झाल्यावर काढून टाकलेल्या लेयर कोंबडीचे मांस वयामुळे घट्ट असते व शिजण्यास वेळ लागतो. गावठी कोंबडीचे मांसही तसेच असल्याने अशी कोंबडी तिच्या नावाने खपवणे सोपे जाते.

कायदेशीर स्थिती

भारतात खाद्यपदार्थांवरील दाव्यांना अन्नसुरक्षा व मानके (जाहिराती व दावे) विनियम, २०१८ लागू आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ अन्वये दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसारही कारवाई होऊ शकते. मात्र कोंबडीला किती जागा, किती तास आणि कोणत्या वयापर्यंत मोकळे सोडले तर तिला 'फ्री रेंज' म्हणावे हे ठरलेले नसल्याने दावा खोटा होता हे सिद्ध करणे अवघड जाते. 'सेंद्रिय' या शब्दाची स्थिती वेगळी आहे. त्यासाठी २०१७ चे स्वतंत्र विनियम, प्रमाणन व 'जैविक भारत' हे चिन्ह आहे.

युरोपीय संघात मुक्तसंचारी अंड्यांसाठी प्रत्येक कोंबडीमागे चार चौरस मीटर मोकळी जागा आवश्यक मानली जाते. तेथे अंड्यावरील शिक्क्याचा पहिला अंक पद्धत दर्शवतो : ० सेंद्रिय, १ मुक्तसंचारी, २ शेडमध्ये पण पिंजऱ्याविना, ३ पिंजरा. साधे बॅटरी पिंजरे तेथे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. मांसाच्या मुक्तसंचारी कोंबडीचे वय कापतेवेळी किमान ५६ दिवस असावे लागते. अमेरिकेतील कृषी विभागाचा निकष यापेक्षा सैल असून, कोंबडीला बाहेर जाण्याची मुभा होती एवढे दाखवणे त्यात मुख्य असते. ती प्रत्यक्षात किती वेळ बाहेर गेली, हा प्रश्न उरतोच.

प्रचलित समजुती

तपकिरी अंडे म्हणजे गावठी अंडे, ही समजूत बरोबर नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या वाणावर अवलंबून असतो आणि तपकिरी अंडी देणाऱ्या लेयर पिंजऱ्यांतही पाळल्या जातात. बलकाचा गडद पिवळा रंगही खात्रीचा पुरावा नव्हे. मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळून तो आणता येतो.

दुसऱ्या बाजूला, ब्रॉयलर कोंबडीला संप्रेरकांची इंजेक्शने देऊन फुगवले जाते हा समजही निराधार आहे. तिची झपाट्याची वाढ निवड-पैदास व संतुलित खाद्य यांमुळे होते. खरी चिंता प्रतिजैविकांच्या वापराची आहे. विज्ञान व पर्यावरण केंद्र या दिल्लीतील संस्थेने २०१४ साली तपासलेल्या ७० नमुन्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले. माणसांवरील उपचारात अखेरचा उपाय समजले जाणारे कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यास केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली.

मुक्तसंचाराच्या मर्यादा

मोकळी कोंबडी म्हणजे निरोगी कोंबडी असे सरसकट म्हणता येत नाही. घार, मुंगूस व रानमांजर यांच्याकडून पिल्लांचा मोठा नाश होतो, तसेच जंतांचा त्रासही असतो. सर्वांत घातक रोग म्हणजे मानमोडी किंवा राणीखेत. त्याची साथ आल्यास पाड्यातील बहुतेक कोंबड्या काही दिवसांत दगावतात. या रोगावर लस उपलब्ध आहे. परंतु ती थंड ठेवावी लागते, एका कुपीत सामान्यतः शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि कुपी फोडल्यावर ती काही तासांत वापरावी लागते. दहा कोंबड्या असलेल्या एकट्या घराला हे परवडत नाही. संपूर्ण पाड्याचे लसीकरण एकाच दिवशी केले तरच ते साधते.

बर्ड फ्लूचा धोका दोन्ही पद्धतींना आहे. भारतातील पाळीव कोंबड्यांमधील पहिली नोंदलेली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आली. तेव्हा व्यापारी शेडमधील पक्ष्यांबरोबर परिसरातील घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या.

उत्पादकांवरील परिणाम

नावाच्या या संदिग्धतेचा तोटा केवळ ग्राहकाला होत नाही. शेडमधील रंगीत कोंबडी 'गावरान' म्हणून कमी खर्चात व मोठ्या संख्येने बाजारात आली की पाड्यावरून टोपलीत एक-दोन कोंबड्या घेऊन आठवडी बाजारात बसणाऱ्या स्त्रीला तिच्याशी स्पर्धा करावी लागते. तिचा माल खरा असूनही तसे दाखवणारा कागद वा चिन्ह तिच्याकडे नसते.

नावाला कायद्याचे संरक्षण मिळू शकते, याची उदाहरणे उपलब्ध आहेत. याच परिसरातील डहाणू घोलवड चिकूला २०१६ साली, तर मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र असे मानांकन उगमस्थान व त्याच्याशी निगडित वैशिष्ट्ये यांच्या आधारे मिळते. वाण निश्चित नसलेल्या परसातील कोंबडीला तो मार्ग सहज खुला होत नाही. तिच्यासाठी संगोपनपद्धतीचे मानक आणि लहान उत्पादकांना पेलणारी पडताळणी या दोन्ही गोष्टी लागतील. तोपर्यंत कोंबडी कोणाच्या अंगणात वाढली हे ग्राहकाला प्रत्यक्ष माहीत असणे, एवढीच विश्वासार्ह खूण उरते.