घर सोडून गेलेला बाप परततो तेव्हा

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हा प्रश्न वारंवार विचारला जातो: वर्षानुवर्षे बेपत्ता असलेला बाप म्हातारपणी दारात उभा राहिला, तर काय करायचं?

बाप गेल्यावर आई मजुरीला लागते, थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्यांना सांभाळते. बाप मेलेला नसतो, म्हणून धड रडताही येत नाही. तो परततो तो जुना मान मागत. धाकट्यांसाठी तो परकाच असतो. आईवर मात्र 'नवरा आहे, घे सांभाळून' असा दबाव येतो.

बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार सबळ कारणाशिवाय सलग दोन वर्षे जोडीदाराला सोडून राहणं हे घटस्फोटाचं कारण ठरतं. पत्नी व मुलांच्या पोटगीचा अर्ज १ जुलै २०२४ पासून, जुन्या कलम १२५ ऐवजी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. त्याच कलमाखाली निराधार बापही मुलांकडे पोटगी मागू शकतो. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितलं.

पण पोटगी देणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. त्याला घरात घ्यायचं का, हे आधी आईला विचारा.